आडव्या घाटांवरची उभी वाट

डिसेंबर जवळ आला की मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या डोंगरभटक्यांमध्ये एक आराखडा हिंडू लागतो. पूर्वी तो वहीच्या पानावर असे, आता बहुधा फोनवर असतो. वरच्या टोकाला कसारा, खालच्या टोकाला माळशेज घाटाच्या माथ्याजवळचा खुबी फाटा आणि मध्ये नावांची माळ: कुरुंगवाडी, कुलंग, मदन, अलंग, घाटघर, साम्रद, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, तोलार खिंड, खिरेश्वर. पाच-सहा दिवसांची चाल, पाठीवर शिध्यासकट भरलेली सॅक, आणि मुख्य अट अशी की जिथून चढलो तिथे परत यायचे नाही. भटके याला ‘रेंज ट्रेक’ म्हणतात. नवख्यांचे हे काम नव्हे. मदनवर दोर लागतो, कात्राबाईच्या रानात वाट हरवते, आणि तिसऱ्या दिवशी कुणाचा पाय मुरगळला तर जवळचा रस्ता कुठला, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. वाचताना हा आराखडा गेल्या पन्नास-साठ वर्षांतली शहरी हौस वाटतो. पण त्यातली नावे एकेक करून उकलत मागे गेलो, तर आपण थेट सातवाहनांच्या दारात जाऊन उभे राहतो.

सह्याद्री इथे उत्तर-दक्षिण पसरला आहे. पश्चिमेला पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे तालुके, पूर्वेला माथ्यावर इगतपुरी, अकोले, जुन्नर. दोन हजार वर्षे या भिंतीशी ज्या कुणाचा संबंध आला, त्याला ती ओलांडायची होती. बंदरावरचा माल वर न्यायचा, देशावरचे धान्य खाली आणायचे. म्हणून इतिहासाने नोंदवलेल्या सगळ्या वाटा आडव्या आहेत: थळ, चोंढे, करोली, माळशेज, नाणेघाट, दाऱ्या, आहुपे. आपला आजचा आराखडा मात्र उभा आहे. तो भिंतीच्या कडेकडेने चालतो. दिशेतला हा बदल केव्हा आणि कशामुळे झाला, त्याचाच हा मागोवा.

पहिला मुक्काम मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाच्या वर. तिथून नाणेघाटाची फरसबंद नाळ चढते आणि माथ्याजवळ लेणे लागते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सातवाहन राणी नागनिकेने इथे ब्राह्मी लिपीत यज्ञांची आणि दक्षिणांची लांबलचक यादी कोरून घेतली. भारतातल्या अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांमध्ये या लेखातले आकडे मोजले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांची नावे वाचता येतात, मूर्तींची मात्र पावलेच काय ती उरली आहेत. बाहेर दगडी रांजण आहे, त्याला जकातीचा रांजण म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याचे बंदर आणि जुन्नरची पेठ यांच्यामधला हा घाट. कल्याणचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्येही येते. त्याच पुस्तकात आपल्या कामाची एक नोंद आहे: भडोचहून पैठण दक्षिणेकडे सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या. अंतर कोसांत नाही, दिवसांत सांगितले आहे. लांब पल्ल्याचा आराखडा करणारा जाणता माणूस आजही तेच करतो. रतनगड ते कुमशेत किती किलोमीटर, हे विचारणारा नवखा. तिथे एक दिवस जातो, एवढे कळले की अनुभवी माणसाचे काम भागते. दिवसाची मजल हे माप बैलाच्या आणि हमालाच्या पायांनी घालून दिले आहे, आणि घड्याळे-उपग्रह येऊनही ते बदललेले नाही.

सातवाहनांनंतर राज्ये बदलत गेली, घाट तेच राहिले. तांड्यांनी मीठ वर गेले, धान्य खाली आले. आपल्या आराखड्याला पुढचा हातभार मात्र व्यापाऱ्याने लावला नाही, किल्लेदाराने लावला. कुलंग, मदन, अलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड ही ओळ घाटांवर नजर ठेवण्यासाठी. शहापूरच्या बाजूला माहुली. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड करणारे शहाजीराजे याच माहुलीवर वेढले गेले आणि तिथेच त्यांना शरण जावे लागले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये तो मराठ्यांनी परत घेतला. हे किल्ले एकमेकांना दिसतात, म्हणून त्यांच्यामध्ये उभी वाट आधीपासून असणार, असे वाटते. पण किल्ल्यावरचा शिधा खालच्या गावातून येई, शिबंदीही खालचीच. गडाचे नाते पायथ्याशी होते, शेजारच्या गडाशी फार तर नजरेचे. या काळाने आपल्याला दिले ते पाणी. कातळात खोदलेली टाकी नसती, तर आज अलंगच्या माथ्यावर मुक्काम ठरवण्याची कुणाची हिंमत झाली नसती. पुढे १८१८ नंतर इंग्रजांनी या मुलखातल्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, गड पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून. आज दोर लावून मदनची तुटकी वाट चढण्यात जो थरार आहे, त्याला हे लष्करी धोरणही कारण आहे.

तरीही उभी वाट होती. ती लिहिली गेली नाही, एवढेच. महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमधले लोक एका वाडीतून दुसरीत मुली देत, गुरे धारेवरच्या गवताला नेत, मध काढत, हिरडा गोळा करत, घराच्या कुडासाठी कारवी तोडत. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या रानाला इथे ‘पदर’ म्हणतात. पदरातून पदरात जाणाऱ्या पायवाटा त्यांच्याच. त्यांना जकात नव्हती, म्हणून त्यांची नोंदही नाही. या वाटा सरकारी कागदात पहिल्यांदा डोकावल्या त्या बंडाच्या निमित्ताने. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे १८४० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध उठले तेव्हा ते वर-खाली कुठूनही उतरत आणि पाठलाग करणारी तुकडी मोठ्या घाटाच्या तोंडाशी बसून राही. जानेवारी १८४८ मध्ये ते पकडले गेले, तेही डोंगरात नव्हे, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. धारेने चालत जाऊन हव्या त्या नाळेने खाली सटकायचे, ही युक्ती आजच्या आराखड्याचा कणा आहे. तिचा पहिला जाणकार म्हणून एक नाव घ्यायचे झाले, तर मी राघोजींचे घेईन.

आता आपण कसाऱ्याच्या फलाटावर येतो, आणि इथे जरा रेंगाळायला हवे. मुंबईहून थळ आणि बोर घाट चढून देशावर रेल्वे न्यावी, ही कल्पना मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपला गेले असताना सुचली, असे सांगतात. १६ एप्रिल १८५३ ला गाडी ठाण्यापर्यंत आली, १ मे १८५४ ला कल्याणला. पुढे डोंगर. आरंभीच्या बेतात सह्याद्री चढण्यासाठी माळशेज घाटाचे नाव होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी डोंगर पालथा घालून माळशेज सोडला आणि थळ व बोर हे दोन घाट धरले. कागदावरची ती एक रेघ पुसली गेली नसती, तर आज लोकलच्या पाटीवर मुरबाडकडचे एखादे नाव असते आणि कसारा घाटपायथ्याचे साधे खेडे राहिले असते. मुरबाडला अजूनही रेल्वे पोहोचलेली नाही. १८५५ मध्ये गाडी वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ ला कसाऱ्याला आली. इगतपुरीपर्यंतचा घाट खुला व्हायला १ जानेवारी १८६५ उजाडले. मधली चार वर्षे कसारा हेच रुळांचे शेवटचे टोक होते. तिथे उतरायचे आणि पुढचा घाट बैलगाडीने, घोड्यावर किंवा पायी चढायचा. रेल्वेने यायचे आणि कसाऱ्यापासून चढाला लागायचे, हा क्रम तेव्हा पडला. ३७ फुटांना एक फूट चढणारा तो लोहमार्ग पुरा झाला आणि गाड्या मागून इंजिन लावून वर जाऊ लागल्या. मुंबईच्या लोकलला मात्र कसाऱ्याच्या पुढे वाट नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२१ किलोमीटरवर ती थांबते.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. रुळांवर माल स्वस्तात वर जाऊ लागला तसे बैलांचे तांडे ओसरले, आणि चोंढे, करोली, नाणेघाट या जुन्या आडव्या वाटांचा मुख्य पोशिंदा गेला. घाट मोडले नाहीत, रिकामे झाले. नेमक्या याच सुमाराला त्यांची दफ्तरी नोंद होऊ लागली. नोंद बहुधा अशा वेळीच होते. वापरातल्या वाटेची यादी कोण करतो? जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्याचा खंड १८८२ मध्ये, नाशिकचा १८८३ मध्ये आणि अहमदनगरचा १८८४ मध्ये निघाला. कुठला घाट कुठून कुठे जातो, गाडी जाते की बैल की नुसता माणूस, गडाच्या पायऱ्या शाबूत आहेत की उडवलेल्या, पाणी कुठे, अशा नोंदी त्यात आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानाचे साह्य त्या कामाला लाभले. नाणेघाटाच्या लेखाचे गेओर्ग ब्यूलर यांनी केलेले वाचनही १८८३ चेच. आज एखादी बुजलेली घाटवाट ‘नव्याने शोधली’ म्हणून मिरवणाऱ्याने आधी हे खंड चाळावेत, असा माझा आगाऊ सल्ला आहे. बहुतेक वेळा तिचे नाव तिथे निघते.

गॅझेटियरच्या जोडीने सर्व्हे ऑफ इंडियाचे तक्ते आले. आधी मैलाला एक इंच, पुढे ५० हजाराला एक या मापाचे. उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, दूर गेल्या की पठार. उभ्या वाटेला पहिल्यांदाच आकार मिळाला. गावकऱ्याच्या डोक्यात वाट तुकड्यातुकड्याने असते: कुमशेतकर पाचनईपर्यंत सांगेल, पाचनईकर गडापर्यंत. अख्खी धार एका नजरेत आणली ती कागदाने. त्या कागदाची खोड मात्र ठाऊक हवी. ५० हजारी नकाशावर दोन रेषांमध्ये २० मीटर उंची असते. १५ मीटरचा सरळसोट कातळटप्पा त्या दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो, आणि माणसाला अडवायला तेवढा पुरतो. हे मोठ्या मापाचे तक्ते सामान्य माणसाला दीर्घकाळ सहज मिळतही नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या वापराची वेगळी मालिका आणली, आणि २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. तोवर भटक्यांच्या दोन पिढ्या छायाप्रतींच्या छायाप्रतींवर चालल्या होत्या.

मधल्या काळात माथ्यावर पाणी साचू लागले होते. प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले आणि रतनवाडीपर्यंत जलाशयाची शेपूट पसरली. शेंडी हे धरणाकाठचे गाव पुढे भटक्यांचे नाके झाले. खाली तानसा, वैतरणा, भातसा यांची धरणे मुंबईच्या तहानेसाठी उभी राहिली. २००८ मध्ये घाटघरचा २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प सुरू झाला. त्याचे वरचे धरण माथ्यावर, खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याच्या बाजूला. पाणी वरून सोडून वीज करायची आणि मागणी कमी असताना तेच पंपाने पुन्हा वर चढवायचे. म्हणजे चोंढ्याच्या परिसरात घाट रोज चढणारे-उतरणारे आता पाणीच उरले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

हौसेने चालणारा माणूस या चित्रात उशिरा आला. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला गडांवर मुक्काम करायची चटक लावली. पण त्या काळातली बरीचशी भटकंती एका गडाची: चढायचे, राहायचे, त्याच वाटेने उतरून गाडी पकडायची. गडामागून गड ओवत जाण्याची रीत रुळायला मधल्या वाटांचे ज्ञान लागते, म्हणजे दोन गडांमधले रान माहीत हवे. ते हळूहळू पुस्तकांत जमा झाले. हरीश कापडियांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ने मुलूखवार वाटा इंग्रजीत मांडल्या, आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने हाताने काढलेल्या नकाशांसह डोंगररांगा मराठीत उलगडल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने मी पाळंद्यांचे काम अधिक मोलाचे मानतो, कारण गडाइतकेच लक्ष त्यांनी रांगेला आणि तिच्या सोंडांना दिले. मुलुंडच्या ‘चक्रम हायकर्स’ने ‘सह्यांकन’ या नावाने अनेक दिवसांची पदभ्रमण मोहीम चालवली आणि मुक्काम-शिधा-पाण्याचे गणित मोठ्या गटासाठी बसवून दाखवले. पुढे प्रसाद निकते यांनी एकट्याने सह्याद्रीची धार लांबच लांब चालून ‘वॉकिंग ऑन द एज’ लिहिले. आडव्या डोंगराची उभी वाट इथे पूर्ण झाली म्हणायची.

तर मग आजचा अनुभवी भटका कसाऱ्याहून आराखडा कसा मांडतो? मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईहून सुटणारी शेवटची लोकल पहाटेआधी कसाऱ्याला सोडते. स्टेशनाबाहेर जीप ठरवून थळ घाट चढायचा, घोटीवरून आत वळायचे आणि उजाडताना कुलंगच्या पायथ्याला लागायचे. पहिले दोन दिवस तीन गडांचे. दोराचे काम आणि वरच्या टाक्यांचे पाणी इथेच लागत असल्याने जड ओझे आधी हलके होते. अलंगवरून घाटघरच्या अंगाला उतरून साम्रद, तिथून त्र्यंबक दरवाज्याने रतनगड, मग रतनवाडीकडच्या रानातून फुटणारी वाट धरून कात्राबाईची खिंड आणि कुमशेत. मुळा नदीचे पात्र ओलांडून पाचनई, हरिश्चंद्रगड, आणि शेवटी तोलार खिंडीने खिरेश्वर. खुबी फाट्यावर कल्याणची एसटी मिळते. सुरुवात रेल्वेच्या टोकाला, शेवट रेल्वेने नाकारलेल्या घाटाच्या माथ्यावर.

या आराखड्याचे खरे शहाणपण मुख्य रेघेत नसते. ते तिच्या डाव्या-उजव्या फाट्यांमध्ये असते. कुठे बिघडले तर कुठून बाहेर पडायचे? पश्चिमेच्या पायथ्याच्या गावांकडे: घाटघरहून चोंढ्याला, साम्रदहून करोली घाटाने डेहण्याला, कुमशेतहून गुहिरदाराने पुन्हा डेहण्याकडे, हरिश्चंद्रगडाखालून साधले घाटाने बेलपाड्याला. व्यापाऱ्याचा राजमार्ग आपल्या वहीत ‘सुटकेची वाट’ होऊन बसला आहे. तीही सरसकट नाही: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूची नळीची वाट बेलपाड्यालाच उतरते, पण थकलेल्या माणसाला तिच्यातून खाली नेणे म्हणजे संकटातून मोठ्या संकटात. जखमी माणूस असेल तर पूर्वेला उतरावे, तिथे गाव आणि रस्ता माथ्यालगत असतो. पश्चिमेला हजारेक मीटरचा उतार गुडघ्यांवर घ्यावा लागतो. महिना ठरवतानाही असेच. ऑक्टोबरात गवत छातीला लागते आणि वाट झाकते, मार्चनंतर ओढे आटतात. म्हणून डिसेंबर-जानेवारी. १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असल्याने वनखात्याचे नियम आणि शुल्कही हिशेबात धरावे लागते.

फोनवर आज कुणीतरी चाललेल्या वाटेची रेघ मिळते. तिच्यावर विसंबणाऱ्याने ती कुठल्या महिन्यात काढली ते पाहावे, आणि दरीत उपग्रहाचा माग किती भरकटतो तेही. तेवढ्यानेही कात्राबाईच्या रानात ढोरवाटा आणि खरी वाट वेगळ्या करता येतातच असे नाही. त्यासाठी गावचा वाटाड्या लागतो. घाटावरच्या गावांत तो आता ठरलेल्या दराने मिळतो. साम्रद-पाचनईत जेवणा-मुक्कामाचीही सोय होते. कोकणातल्या पायथ्याची गोष्ट वेगळी. शहापूर-मुरबाडमधली कित्येक कातकरी-ठाकर कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे रेंज ट्रेकचा हंगाम आणि त्यांच्या स्थलांतराचा हंगाम एकच. ज्या नाळांवर आपण सुटकेचा भरवसा ठेवला, त्या ओळखणारी माणसे नेमकी तेव्हा वाडीवर नसतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या काही मिनिटांत थळ म्हणजेच कसारा घाटाखालून निघू लागल्या. तरी करोली घाट गेल्या पावसात कुठे ढासळला, हे डिसेंबरात विचारायचे झाले तर डेहण्यात ओळखीच्या घरी दिवाळीआधीच फोन करून ठेवावा लागतो.